मदत हवी आहे: अमेरिकेत समाजवादी धोरणं नेमकी कुठे अडतात?

नमस्कार मंडळी. अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या 'सगळ्यांना मेडिकेअर'चा, म्हणजे सर्वांसाठी एकाच सरकारी आरोग्य विम्याचा विषय निघाला की 'अमेरिकेत हे चालणारच नाही' म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात तीन समाजवादी महापौर झाले. त्यातले डॅनियल होन १९१६ पासून सलग २४ वर्षं. भर कशावर? गटारं, नळाचं पाणी, बागा! नॉर्थ डकोटाची सरकारी बँक १९१९ पासून आजही चालू आहे, तीही उजव्या विचारांच्या रिपब्लिकनांच्या राज्यात.

मग व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये कायदा करूनही सरकारी आरोग्य योजना २०१४ मध्ये का सोडली? मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के कर लागला असता म्हणे. पण खासगी विम्याचे हप्ते वाचणार होते, त्यांचं काय? राज्यांच्या अर्थकारणाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया हा हिशेब समजावून सांगा.