मदत हवी आहे: दृढीकरण झालं की मुलं चर्चमधून गायब!

नमस्कार मंडळी. यंदा पॅरिश कौन्सिलवर (आमच्या चर्चच्या सल्लागार समितीवर) माझी निवड झाली. पन्नाशी ओलांडलेली मी तिथे वयाने सर्वांत लहान, यावरूनच काय ते ओळखा.

दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या कॅथलिक संस्काराच्या) तयारीला मुलं वर्षभर न चुकता येतात. बिशप येतात, फोटो निघतात, आणि पुढच्या रविवारी मागचे बाक रिकामे. जणू संस्कार नाही, निरोप समारंभच! गेल्या आठवड्यात चर्चमध्ये बायबल वाचन करणाऱ्या बाई आजारी पडल्या, तर बदली कोण? पुन्हा मीच, तेही चष्मा घरी विसरलेली.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेनुसार (कलम ५३७) प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) आर्थिक समिती असलीच पाहिजे. आमच्याकडे ती आहे, पण तरुण एकही नाही. मुलांना आम्ही खुर्च्या लावायला बोलावतो, निर्णय घ्यायला नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१मध्ये धर्मशिक्षकाचं अधिकृत सेवापद प्रापंचिकांसाठी (धर्मगुरू नसलेल्या भाविकांसाठी) सुरू केलं. म्हणजे सगळं फादरांवर टाकायचं नाही, हे रोमलाही मान्य आहे.

तुमच्याकडे दृढीकरणानंतर मुलांना नेमकी कोणती जबाबदारी देता? विशीतल्या कुणाला समितीवर घेतलंय का, आणि ज्येष्ठांची समजूत कशी काढलीत? जमाखर्च लोकांसमोर मांडल्यावर तरुणांचा विश्वास वाढला का? फसलेले प्रयोगही सांगा. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. 'युवा सहल काढू' हे उत्तर मात्र नको, ती दोनदा काढून झाली.