डेस्कटॉपला वॉटर कूलिंग: गरज की मिरवणं?

तांबेपितळ
१२०-१५० वॅटच्या प्रोसेसरला ३६० मिमीचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडूनच येणारा वॉटर कूलिंगचा तयार संच) लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पाणी उष्णता संपवत नाही, उचलून रेडिएटरपर्यंत नेतं; शेवटी थंड करते ती खोलीतली हवाच. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर पाणीही ४०च्या खाली येणार नाही. आणि टॉवर कूलरच्या (प्रोसेसरवर उभा राहणारा, फिना आणि पंख्याचा कूलर) हीटपाइपमध्येही, म्हणजे त्यातल्या बंद नळीतही, थोडं पाणीच असतं. खाली वाफ होते, वर फिनांपाशी निवून परत येतं. बिनपंपाचं!

निवळशंख
१५० वॅटपर्यंत मान्य. इंटेलचा आय९-१४९००के प्रोसेसर २५३ वॅट ओढतो, तिथे काय करणार? शिवाय टॉवर केसमधलीच हवा खातो, आणि ती खाली बसलेल्या ३०० वॅटच्या ग्राफिक्स कार्डाने आधीच तापवलेली असते. रेडिएटर पुढे लावा, बाहेरची हवा थेट मिळते.

तांबेपितळ
आणि ती गरम होऊन कार्डाच्या तोंडावर! एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात. एएमडीच्या रायझन ७९५०एक्स प्रोसेसरचे कोअर तर सुमारे ७० चौरस मिमीच्या दोन चिप्समध्ये कोंबलेत. उष्णता चिपमधून झाकणापर्यंत येतानाच अडते, पुढे पाणी असो वा तांबं. पूर्ण लोडवर ९५ अंश गाठायचे हे त्याच्या रचनेतच आहे.

पंप_आधी_बघा
वाद चालू द्या, पण निम्म्या तक्रारी चुकीच्या बसवण्याच्या असतात. लूपमधली, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद वाटेतली, हवा सर्वांत उंच जागी जमते. ब्लॉकमध्येच (सीपीयूवर बसणारा भाग) पंप असेल आणि तोच सर्वांत वर आला तर खुळखुळ सुरू होते, बेअरिंग कोरडं पडतं. म्हणून रेडिएटर छताला लावा. पुढे लावलात तर नळ्या खाली ठेवा आणि त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं.

पंप पूर्ण वेगाने चालू द्या. पंख्यांचा वेग मात्र पाण्याच्या तापमानावर बांधा. सीपीयूवर बांधलात तर ब्राउझर उघडला तरी पंखे बोंबलतात.

पंप मेलाय का हे हाताने कळतं. मिनिटाला १ लिटर प्रवाह असेल तर २५० वॅटलाही ब्लॉकमधून जाताना पाणी साडेतीन अंशांच्या आसपासच तापतं, म्हणजे दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच लागायला हव्यात. एक कढत, दुसरी गार आणि सीपीयू चालू करताच ९०वर? पाणी फिरत नाहीये.

सुटे भाग आणून स्वतः कस्टम लूप करणाऱ्यांनी तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये, ॲल्युमिनियम गंजतं. नुसतं डिस्टिल्ड वॉटरही नको, शेवाळ धरतं. भरल्यावर फिटिंगखाली टिश्यू ठेवून २४ तास फक्त पंपाला वीज द्या, मदरबोर्डला नाही.

तांबेपितळ
म्हणजे माझाच मुद्दा. टॉवरचा पंखा गेला तर पाच मिनिटांत दुसरा क्लिपला अडकवायचा. एआयओचा पंप गेला की बहुधा अख्खा संच भंगारात. वर नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडतं ते वेगळंच.

निवळशंख
ते खरं. पण १६५ मिमी उंचीचा टॉवर लहान केसमध्ये बसवून दाखवा, काचेचं दार लावून.