मदत हवी आहे: गाडी घाटात बंद पडते आणि १५ मिनिटांनी आपोआप चालू होते. ठेवू की एक्सचेंजला देऊन टाकू?

इंदुरी_किक:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, सांभाळून घ्या, पण तीन मेकॅनिक झाले आणि आता घरात पण वाद सुरू झालेत म्हणून इथे विचारतोय.

गाडी म्हणजे बाइक, १५० सीसी, कार्बोरेटरवाली, २०११ च्या धनतेरसला घेतलेली, एमपी ०९, पहिला मालक मीच, ७८ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग 'कोणती कंपनी भारी' यावर शंभर प्रतिसाद येतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. काही वर्षं रोज इंदूर-पीथमपूर केलंय हिच्यावर, इंजिन अजून खोललेलं नाही, क्लच प्लेटा दोनदा, चेन-स्प्रॉकेट तीनदा, ऑइल वेळच्या वेळी. आता कंपनीची बस येते म्हणून गाडी गावातच फिरते, भाजी, मुलीची ट्यूशन, रविवारी सकाळी लोकमान्य नगरातून राजवाड्यापर्यंत उसळ-पोहे, बस.

तर त्रास गेल्या पावसाळ्यानंतर सुरू झालाय आणि तो असा आहे की गावात काहीच होत नाही पण ओंकारेश्वरला वगैरे निघालो की तेजाजी नगर सोडून पंधरा-वीस किमी झाले, म्हणजे सिमरोलच्या आसपास नाहीतर भेरूघाटात, गाडीला आधी दम लागल्यासारखं होतं, रेस देऊनही उचलत नाही, दोन-तीन आचके देते आणि बंद. सेल्फ फिरतो, किक मारून पाय दुखतो, काही नाही. मग कडेला लावायची, पंधरा मिनिटं माकडं बघत बसायचं, आणि मग पहिल्या किकला अशी सुरू होते की जसं काही झालंच नव्हतं. पुन्हा पंधरा-वीस किमी, पुन्हा तेच. मागच्या महिन्यात बायको मागे बसलेली असताना तीनदा झालं, बडवाहपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

आतापर्यंत प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, दुसरा मेकॅनिक म्हणाला प्लगला करंट देणारी कॉइल गरम होऊन बसतेय म्हणून कॉइल बदलली, तिसऱ्याने कार्बोरेटरच नवा टाकला. साडेचार हजारांच्या वर गेले आणि शेवटी तोच म्हणतो, "भिया, अब इसको निकाल दो." एक मित्र म्हणतो हे ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचं काम आहे, कारण टाकी फुल केली की त्रास जास्त. हे मात्र मी पण पाहिलंय, गावात दोनशेचं टाकून फिरतो तेव्हा एकदाही बंद पडलेली नाही.

म्हणून एका शोरूमला विचारायला गेलो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात ठेवला आणि ११ हजार म्हणाला. वर ३ हजार एक्सचेंज बोनस, पण तो घेतला तर कॅश डिस्काउंट नाही. ऑक्टोबरात आरसीची १५ वर्षं होतात, त्यानंतर भंगाराचा भाव मिळेल असंही म्हणाला. खरं आहे का हे? बाकी टाकीला आतून थोडा गंज आहे, गेल्या पावसाळ्यात झाकणातून पाणी आत जात होतं, ते तेव्हाच बंद करून घेतलं, त्यामुळे तो विषय संपलाय.

किकमार_काका:

ई-२० ला उगीच फाशी देऊ नका राव. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, ओ-रिंगा त्याने खराब होतात हे मान्य, ॲव्हरेज पण थोडं पडतं, पण खराब झालेली ओ-रिंग पंधरा मिनिटं माकडं बघून बरी होत नाही. मला एकच सांग, बटण दाबल्यासारखी झटक्यात बंद होते की आचके देत देत? झटक्यात असेल तर करंट, आचके देत असेल तर पेट्रोल. ठोकताळा आहे पण बहुतेक वेळा बरोबर निघतो.

इंदुरी_किक:

काका, आचके देत देत.

किकमार_काका:

मग कॉइलचे पैसे गेले.

बडोद्याची_स्वारी:

दादा, एक विचारते, ते झाकणाचं पाणी "बंद करून घेतलं" म्हणजे नेमकं काय केलं? कारण तुमच्याच पोस्टमध्ये तीन गोष्टी आहेत, पावसाळ्यानंतर सुरू झालं, फुल टाकीला जास्त होतं, आणि थांबलं की आपोआप बरं होतं. कार्बोरेटरवाल्या गाडीत पेट्रोलला पंप नसतो, ते वरून खाली आपल्या वजनाने येतं, आणि जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यावी लागते. भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो, पेट्रोलची धार बारीक होते, कार्बोरेटरची वाटी रिकामी होते आणि गाडी आचके देत बसते. थांबलात की कुठून तरी हळूहळू हवा शिरते, वाटी भरते, गाडी चालू. फुल टाकीत वर हवेला जागाच कमी, म्हणून व्हॅक्यूम लवकर होतो. अर्ध्याहून कमी पेट्रोलवर गावातल्या गावात कळणारही नाही.

पुढच्या वेळी बंद पडली की माकडं बघू नका, लगेच झाकण उघडा, बंद करा आणि किक मारा. बस. पैसे लागत नाहीत. (इंजिन गरम असतं, उघडताना सांडू नका आणि जवळ कोणाला बिडी ओढू देऊ नका.) आणि मेहेरबानी करून झाकण ढिलं ठेवून चालवू नका, आमच्याकडे एकाने तसं करून अर्धी पँट पेट्रोलने भिजवली होती.

इंदुरी_किक:

ताई, त्या मेकॅनिकने झाकणाला खालून सिलिकॉन लावलं होतं!! मी समोर उभा होतो, चहा पीत. रविवारी बघतो.

नर्मदाकाठ:

रविवारपर्यंत धीर धरवत नाही, टाकी फुल करून जा हं.

इंदुरी_किक:

रविवारचा रिपोर्ट. भंवरकुआंला टाकी फुल केली, एकटाच निघालो (बायकोने यायला साफ नकार दिला). सिमरोल ओलांडलं आणि आचके सुरू, बंद. उतरलो, चावी घालून झाकण फिरवलं तर सुस्स करून असा आवाज आला की जसं थम्सअपची बाटली उघडली, फक्त उलटा, हवा आत ओढल्याचा. झाकण लावलं, किक, चालू. वीसएक सेकंद. पुढे चोरलच्या अलीकडे मुद्दाम बंद पडू दिली, पुन्हा सुस्स, पुन्हा चालू. घरी येऊन झाकण काढून उलटं केलं, मधल्या भोकावर पांढरट सिलिकॉनचा गोळा, रबरासारखा कडक झालेला. टाचणीने कोरून काढला, तोंडाने फुंकून पाहिलं, हवा जाते. दुसऱ्या दिवशी फुल टाकीवर मांडवला जाऊन आलो, एकदाही नाही.

ताई, तुम्ही इंदूरला आलात की सराफ्यात भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

पण आता पावसाळ्यात पाणी परत आत जाणार त्याचं काय? आणि एक्सचेंजचं?

बडोद्याची_स्वारी:

कीस लक्षात ठेवते. पाणी झाकणाच्या भोकातून जातंच असं नाही. तुमचं झाकण टाकीच्या बरोबरीने सपाट बसणारं असेल तर तोंडाच्या कडेला एक छोटं छिद्र असतं, त्याला आतून नळी, ती खाली स्टँडजवळ निघते. पावसाचं पाणी तिथून जातं. ती नळी मातीने चोंदली की झाकणाभोवती तळं होतं आणि मग ते आत झिरपतं. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी लवकर धरतं, आणि पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, तुमचा गंज तिथून आला असेल. नळीत पातळ तार घाला. कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून खालचं पेट्रोल पण एकदा काचेच्या बरणीत काढून बघा, पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो.

किकमार_काका:

आता व्यवहाराचं. १५ वर्षांनंतर भंगार वगैरे काही नाही, आपल्याकडे दिल्लीचे नियम नाहीत. आरसी ५ वर्षांसाठी रिन्यू होते. फॉर्म २५, इन्शुरन्स, पीयूसी, गाडी घेऊन नायता मुंडल्याच्या आरटीओला तपासणी. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. दुचाकीची रिन्यूअल फी १००० रुपये, उशीर केलास तर दर महिन्याला ३०० जास्त, त्यामुळे दिवाळीनंतर बघू असं म्हणू नकोस.

शोरूमवाल्याने ११ सांगितले त्याचं मला फार नवल नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवी स्वस्त झाल्यावर जुनीला कोण भाव देणार. पण बोनस आणि डिस्काउंट यातलं एकच मिळत असेल तर तो बोनस नव्हेच, तुझेच पैसे एका खिशातून दुसऱ्यात. बोनस न घेता नव्या गाडीचा ऑन-रोड भाव लिहून घे आणि जुनी बाहेर वीसला विकून बघ, चालू गाडी आहे आता.

आणि कुणालाही दे, मालकी बदलायच्या कोऱ्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून सोडून देऊ नकोस. डीलरला देत असशील तर तो आरटीओकडून अधिकृत आहे का विचार आणि फॉर्म २९सी भरून ऑनलाइन कळव, नाहीतर गाडी फिरणार दुसऱ्याची आणि चलान येणार तुझ्या मोबाइलवर. माझ्या पुतण्याला दोन वर्षं येत होती.

इंदुरी_किक:

काका, थँक्यू, आरसी रिन्यू करायचं ठरलं. बायकोला सांगितलं की साडेचार हजारांचं काम टाचणीने झालं तर ती म्हणाली मग ते साडेचार हजार परत आण.

नळीत सायकलच्या ब्रेकची तार घातली, आधी काही हललं नाही, मग काळी माती आणि एक मेलेली गांधीलमाशी निघाली. झाकणाभोवती मगभर पाणी ओतलं, सगळं स्टँडपाशी फरशीवर. बरणीत तळाशी थोडं पाणी होतं ताई, तुम्ही म्हणालात तसंच. अजून एक शंका, झाकणाखालचं रबर कडक झालंय, दुकानदार म्हणतो रबर सुटं मिळत नाही, पूर्ण लॉकसेट घ्या १४०० चा. खरं आहे का?

नर्मदाकाठ:

नाही, पूर्ण लॉकसेट लागत नाही. सुटं झाकण घ्या आणि चावीवाल्याकडे जुन्या झाकणाचा लॉक नव्यात बसवून घ्या. माझं तसंच केलंय, एकच चावी चालते.