एआयने लिहिलेलं बिलिंग सॉफ्टवेअर निम्म्या भावात: दर पाडावेत का?

कृष्णाकाठ, सांगली

मंडळी, खते-बियाणांच्या दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवात व्हीबी 6 या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत, आता सी शार्पमध्ये. गिऱ्हाईक तासगाव, विटा, जतपर्यंत. यंदा काही जुन्या दुकानदारांनी एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीची फी, भरली नाही. "साहेब, नवीन पोरगं निम्म्यात देतंय. एआय लिहितंय म्हणे सगळं. तुम्ही एवढे कशाचे घेता?"

त्यातलं एक सॉफ्टवेअर पाहिलं. कोड वाईट नाही हो, माझ्या व्हीबीपेक्षा देखणाच आहे. पण 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचा 12 चा स्लॅब मोडीत निघाला, ठिबक 5 वर आलं. तेव्हा यांनी आयटम मास्टरमधला, म्हणजे मालाच्या मूळ यादीतला, दर खोडून नवा टाकला. दर कोणत्या तारखेपासून, याची नोंदच नाही. त्यामुळे 12 ने विकलेला माल परत आला की क्रेडिट नोट, म्हणजे परतीची वजावट पावती, 5 ने निघते. शिवाय दराचा हिशोब एकाच ठिकाणी नाही, प्रत्येक स्क्रीनमागे वेगळा लिहिलाय. पुढचा दरबदल आला की सगळे कोण शोधणार?

मी दर पाडू का? आणि अशा कोडवर तयार झालेली पोरं पुढं सांभाळणार काय?

रात्रपाळी, पुणे

एआयने वेळ वाचतो हेही तपासून घ्या. 2025 मध्ये मेटर या संस्थेने ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुल्या, कोडवर काम करणाऱ्या 16 अनुभवी डेव्हलपरांकडून 246 कामं करून घेतली. एआयची मुभा असलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला. त्यांना मात्र 20 टक्के वाचला असं वाटत होतं! अर्थात ते त्यांच्या हातखंड्याच्या, मोठ्या कोडवर. कोरं बिलिंग ॲप एआय झपाट्यानेच लिहितं. तिथे कोटेशनच्या आकड्यावर लढलात तर हराल.

खतावणी, मिरज

मी हिशोबवाली. दुकानदाराला कोड दिसत नाही, त्यामुळे त्याच्याशी देखणेपणाचं बोलूच नका. 10,000 च्या मालावर 1,200 कर भरलेला, परतीला वजा होतात 500. उरलेले 700 शेतकऱ्याचे बुडतात नाहीतर दुकानदाराचे. आणि हे लवकर सापडतही नाही: शेतकऱ्याचं बिल बी-टू-सी, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचं; विक्रीच्या विवरणपत्रात, जीएसटीआर-1 मध्ये, त्याची दरानुसार निव्वळ बेरीजच जाते. वजावट 12 ऐवजी 5 च्या ओळीत जाऊन बसते आणि मार्चअखेर माझ्या टेबलावर येते. तुमच्या कोटेशनवर नुसतं 'एएमसी' लिहिलेलं असतं, दादा. दरबदल, परतीचा ताळा, जुना डेटा असं फोडून लिहा की!

सेमीकोलन

काका, 1998 ला व्हीबी 6 आलं तेव्हा त्याआधीच्या फॉक्सप्रोत सॉफ्टवेअर लिहिणारेही हेच रडत होते. त्या पोराला दोन दरबदल बघू द्या, शिकेल तोही.

कृष्णाकाठ, सांगली

सेमीकोलन, टोमणा पोचला. फॉक्सप्रोवाल्यांची गिऱ्हाइकं मीही स्वस्तात देऊनच ओढली होती. फरक एवढाच की दर बदलला की शिव्या मलाच बसायच्या आणि रात्री बसून मलाच कोड उघडावा लागायचा. हा पोरगा एआयला सांगतो, ते आणखी एक फाईल जोडून देतं, चूक तिथंच राहते. मग दोन दरबदलांत तो शिकणार काय? तसा मीही रिपोर्टचे स्क्रीन एआयकडूनच काढून घेतो, त्याचं सोवळं नाही. कराचा भाग मात्र आमच्याकडची नवीन मुलगी आधी कागदावर सोडवते, मगच मशीनवर.

दर पाडत नाही. डेमोला 20 सप्टेंबरचं ठिबकचं एक बिल नेणार आणि दुकानदाराला म्हणणार, हा माल दोन्ही सॉफ्टवेअरवर आज परत घेऊन बघा.

खतावणीताई, कोटेशनचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो. परतीच्या ताळ्याचं कलम तेवढं तपासाल का?