मदत हवी आहे: ३२ जीबीची इमेज दुसऱ्या ३२ जीबी कार्डात मावत नाही

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक रास्पबेरी पाय (छोटा, एकाच बोर्डावरचा संगणक) चालतो. त्याच्या मेमरी कार्डाची डीडी या कमांडने इमेज (अख्ख्या कार्डाची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल) काढून ठेवली आहे. नवं कार्डही ३२ जीबीचंच, पण इमेज ३१,९१,४९,८३,४२४ बाइट्सची आणि नवं कार्ड ३१,२६,८५,३६,३२० बाइट्सचं! इमेज कार्डावर लिहिताना शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' (जागा उरली नाही) असा एरर. छापील आकड्यावर विसंबू नये हेच खरं.

आत डेटा जेमतेम ९ जीबी आहे. म्हणून इमेजच्या कॉपीवर (मूळ फाइल बाजूला सुरक्षित आहे) लॉसेटअप (फाइल डिस्कसारखी जोडणारी कमांड), मग ईटूएफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारी) आणि रीसाइझटूएफएसने (तिचं माप बदलणारी) रूट, म्हणजे मुख्य, फाइल सिस्टिम १२ जीबीवर आणली. इथवर एकही एरर नाही. ती ज्यात बसते ते पार्टिशन (कार्डाचा आखलेला भाग) मात्र अजून जुन्याच मापाचं आहे.

रूट पार्टिशन सेक्टर ५३२४८० पासून सुरू होतं, सेक्टर ५१२ बाइट्सचा. १२ जीबी (१०२४च्या हिशेबाने) म्हणजे २,५१,६५,८२४ सेक्टर, म्हणून शेवटचा सेक्टर २,५६,९८,३०३ येतो. पार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या टूलने पार्टिशन तिथवर आणून फाइलचा त्यापुढचा भाग ट्रंकेट कमांडने कापायचा विचार आहे.

पार्टिशन टेबल (पार्टिशनांची नोंद) जुन्या एमबीआर पद्धतीचं आहे, लॅपटॉपवर लिनक्स मिंट. पाय-श्रिंक (हेच काम आपोआप करणारी स्क्रिप्ट) माहीत आहे, पण ऑफिसच्या मशीनवर बाहेरची स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही.

शेवटचा सेक्टर अगदी काठावर ठेवला तर चालेल, की थोडी जागा सोडावी? आणि पार्टेडने माप बदलल्यावर पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच राहतो, की सीएमडीलाइन (बूटची सेटिंग) आणि एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) या दोन्ही फायलींत बदलावा लागतो?