मदत हवी आहे: गुलमोहर वाळत चाललाय, कोणते औषध मारू?

मोकळे_अंगण
अंगणातला गुलमोहर वाळत चालला आहे. पाने पिवळी पडून गळताहेत, एका बाजूचे शेंडे वाळले आहेत, खोडातून तपकिरी चिकट पाणी येते. बुरशीनाशक दोनदा मारून झाले, कीटकनाशक एकदा. काडीचाही फरक नाही. कृपया नेमके औषध, लिटरला किती आणि किती दिवसांनी एवढेच सांगा. 'जाणकाराला दाखवा' असे लिहू नका, दाखवायला कुणी मिळत नाही म्हणूनच इथे विचारतेय. झाडावर फार जीव आहे.

खुरपे
एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. झाड किती वर्षांचे? कोणते बुरशीनाशक मारले? पाणी जमिनीपासून किती उंचीवर येते, आणि त्यात भुसा दिसतो का? आधी जुनी पाने पिवळी पडली की शेंड्याची? फोटो टाका, पानांचे नकोत, बुंध्याचे.

जुना_बागवान
ताई, बोर्डो मिश्रण करा. मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, उलटे नको. मग त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. केले त्याच दिवशी संपवायचे, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. खोडावर पाणी येते तिथली साल खरवडून बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे तेच दोन्ही एकेक किलो पण पाणी फक्त 10 लिटर. चाळीस वर्षे हेच करतोय.

नीलमोहर
इतके तांबे जमिनीत कशाला ओतायचे? साचत जाते ते, गांडुळांनाही चांगले नाही. नीमतेल 5 मिली लिटरला, त्यात थोडे साबणाचे पाणी, संध्याकाळी फवारा. आणि बुंध्याशी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीचे औषध) शेणखतात मिसळून द्या. माझा कांचन असाच वाळत होता, दोन महिन्यांत हिरवागार झाला.

खुरपे
कांचनाला काय झाले होते ते कळले होते का?

नीलमोहर
पांढरे कापसासारखे चिकटले होते फांद्यांना. पाने काळी पडली होती, मुंग्या होत्या.

खुरपे
म्हणजे पिठ्या ढेकूण. ते रस शोषतात, गोड चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. तिथे नीमतेल आणि साबण चालणारच. पण त्यावरून या गुलमोहराचे काही ठरत नाही.

मोकळे_अंगण
फोटो चढत नाहीत, तीनदा प्रयत्न केला. झाड 25 वर्षांचे. मिठीत मावत नाही. बुरशीनाशकाचे नाव आठवत नाही, निळी पूड होती. पाणी अगदी बुडातून येते, वीतभर उंचीवर. भुसा नाही. पाने सगळीच पिवळी, पण एका बाजूची जास्त. आता तरी औषध सांगा.

सावली
धाग्यावर अतिक्रमण होतेय, माफ करा. माझ्या चाफ्याचीही पाने पिवळी पडून गळतात, वरून बारीक पिवळे ठिपके दिसतात. हाच रोग असेल का?

खुरपे
सावली, पान उलटून खालून बोट फिरवा. केशरी पूड लागते का सांगा. बहुतेक निराळे प्रकरण आहे.

दोरखंड
मी झाडांवर चढून छाटणीचे काम करतो. भुसा नाही म्हणजे खोडकिडा असण्याची शक्यता कमी. साल खाणारी अळी असती तर खोडावर भुसा आणि रेशमाची जाळीदार पट्टी दिसली असती, ती लपत नाही. एकाच बाजूचे शेंडे वाळणे आणि त्याच बाजूला बुडातून पाणी, हे दोन्ही एकत्र वाचले की माझे लक्ष मुळांकडे जाते. बुंध्याभोवती काय आहे? माती, फरशी, हिरवळ? गेल्या तीनचार वर्षांत खणले होते का? भर टाकली होती का?

मोकळे_अंगण
हिरवळ आहे. पण झाड हिरवळीच्या कितीतरी आधीचे आहे, तिचा काय संबंध?

दोरखंड
कधी केली, आणि किती भर टाकून केली?

मोकळे_अंगण
तीन वर्षे झाली. अंगणाला उतार होता म्हणून झाडाच्या बाजूला फूटभर माती टाकून सपाट केले. रोज सकाळी तुषार सिंचन चालते, पाणी कमी पडत नाही. गवत यंत्राने कापतो, बुंध्याजवळचे ते फिरत्या दोरीचे यंत्र असते त्याने.

दोरखंड
यातले एकही वाक्य तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये नव्हते, आणि सगळे त्यातच आहे. अजून एकच विचारतो. बुंध्यावर किंवा उघड्या मुळांवर कधी काही उगवले का? छत्रीसारखे, कानासारखे, लाकडासारखे कडक?

मोकळे_अंगण
हो, पावसाळ्यात येतात दोनतीन. कडक असतात, वरून लालसर तपकिरी, तेल चोपडल्यासारखे चकचकीत. कडा पांढरी असते. मी दरवेळी तोडून टाकते. मेलेल्या सालीवर अशी भूछत्रे येतातच असे समजत होते, म्हणून लिहिले नाही.

दोरखंड
वाचून वाईट वाटले. तुम्ही सांगताय ते वर्णन गॅनोडर्मा या बुरशीचे आहे. गुलमोहरावर ती बरीच दिसते. ती पानांवर नसते, मुळे आणि बुडखा आतून कुजवते. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन खाऊन टाकते, लाकूड पांढरट आणि स्पंजासारखे होते. बाहेर दिसते ते तिचे फळ. ते तोडणे म्हणजे झाडावरचा आंबा तोडणे, आतले झाड तसेच राहते. आणि बाहेर फळ धरेपर्यंत आत बरीच मजल मारलेली असते.

कसे झाले असेल? गवत कापणारी दोरी दर वेळी बुडाची साल थोडी थोडी सोलत गेली. जखम हे तिचे दार आहे. त्यात साल फूटभर मातीत गाडली गेली, रोज ओली. खोडाची साल ही मुळाची साल नव्हे, तिला सततचा ओलावा सोसत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात, ती भरीखाली हवेवाचून गुदमरली. दुबळ्या मुळांत बुरशी पसरत गेली.

औषध विचारलेत म्हणून सरळ सांगतो: लाकडात शिरलेला गॅनोडर्मा बाहेर काढणारे फवारणीचे औषध नाही. आधी एक करा. झाडाखाली झोपाळा, बाक, गाडी, जे काही असेल ते आजच हलवा. गॅनोडर्मा लागलेले झाड हिरव्यागार पानांसकट, वारा नसतानाही बुडातून उपटून पडू शकते.

जुना_बागवान
इतके घाबरवायचे काय कारण? खोडाला पेस्ट लावली की बुरशी आत जात नाही. आमच्या पिढीने छाटलेली प्रत्येक फांदी पेस्टने बंद केली, झाडे अजून उभी आहेत.

दोरखंड
काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून बोलतो. बोर्डो मिश्रण फ्रान्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी 1885 मध्ये द्राक्षाच्या केवडा या बुरशीजन्य रोगासाठी मांडले. ते पानावर थर धरते आणि बीजाणूला रुजू देत नाही. रोग यायच्या आधी मारायचे ते औषध. इथे रोग सालीच्या कितीतरी आत आहे. आणि जखमा लिंपण्याबद्दल सांगायचे तर, झाडांच्या रोगांचे अभ्यासक अॅलेक्स शायगो यांनी अमेरिकेत हजारो झाडे उभी चिरून पाहिली. झाड जखम भरून काढत नाही, जखमेभोवती आतून भिंती घालून ती कोंडून टाकते, हे त्यांनी 1977 मध्ये मांडले. वरून फासलेल्या लेपाने त्या भिंती काही मजबूत होत नाहीत. फांदी तिच्या बुडाच्या फुगीर गळ्याच्या बाहेर कापली, खोडालगत सपाट नाही, की झाड स्वतःच बंदोबस्त करते.

जुना_बागवान
डिंक्याला (सालीतून डिंक गळतो त्या रोगाला) पेस्ट चालते हे मी स्वतः पाहिले आहे. पुस्तकातले मला सांगू नका.

खुरपे
डिंक्यात बिघाड सालीत असतो, खरवडून औषध तिथे पोचवता येते. तुम्ही पाहिलेत ते खोटे नाही. लाकूडकूज निराळी.

अभ्यासू_पान
नारळाच्या गॅनोडर्मावर हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक मुळातून पाजतात. मग गुलमोहराला का नाही? खोडाला भोक पाडूनही देता येईल.

दोरखंड
नारळात लागण लवकर कळली तरच ते करतात, आणि नारळाच्या खोडाची घडण पूर्ण वेगळी असते. त्याला साल आणि वर्षागणिक वाढणारे लाकूड नसते. तिथला उपाय इथे उचलून ठेवता येणार नाही. गिरमिटाने भोक पाडणे म्हणजे आधीच हरत असलेल्या झाडाला आणखी एक जखम. मी तरी करणार नाही.

नीलमोहर
ट्रायकोडर्माला तरी नाही म्हणू नका. जिवंत बुरशी आहे, रोगाच्या बुरशीला खाते.

खुरपे
मातीत, निरोगी मुळांभोवती ती राखण करते. रोपांच्या मूळकुजीवर माझा स्वतःचा चांगला अनुभव आहे. पण लाकडाच्या गाभ्यात जाऊन ती लढत नाही. आणि तांब्याच्या औषधाबरोबर तर मुळीच देऊ नका, मरेल.

कुंडीवाला
गुलमोहर मुळात अंगणाचे झाडच नाही, मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. काढा आणि तामण लावा. बहावाही छान, पण त्याच्या शेंगांचा कचरा होतो. तामणाची रोपे बियांपासून सहज होतात, कशी करायची ते सविस्तर लिहू का?

मोकळे_अंगण
तामण कुणी विचारला आहे? माझे झाड अजून उभे आहे.

अभ्यासू_पान
अवांतर: एल्मच्या झाडांचा 'डच एल्म' रोग मुळात डच नाही. बुरशी कारणीभूत आहे हे नेदरलँड्समधल्या बेआ श्वार्त्स यांनी 1920च्या दशकात दाखवले, म्हणून ते नाव चिकटले. सालीत राहणारे भुंगेरे तिचा प्रसार करतात. तिथेही उशिरा कळलेली झाडे वाचत नाहीत, म्हणून शेजारच्या झाडांवर लक्ष ठेवतात. या धाग्यातही तेच महत्त्वाचे वाटते, शेजारी आणखी गुलमोहर आहेत का?

मोकळे_अंगण
एक कांचन आहे, दहाबारा पावलांवर. सध्या ठीक आहे.

झोपाळा काल काढला. आता मला खरेखुरे सांगा, काहीच करता येणार नाही का?

दोरखंड
करता येईल ते सांगतो. खोडाभोवतीची भर हाताने, हळूहळू काढा. कुदळ नको, मुळे तुटतील. जिथे खोड पसरून मुळात उतरते तो भाग उघडा व्हायला हवा. तुषार सिंचनाचे तोंड झाडाकडून फिरवा. बुंध्याभोवती दोन हात गवतच ठेवू नका, पालापाचोळा पसरा पण खोडाला टेकू देऊ नका. युरिया किंवा कोणतेही खत देऊ नका, आजारी मुळांवर बळेच वाढ लादली जाते. मग लाकडी हातोडीने बुंधा चारी बाजूंनी ठोकून ऐका. भरीव ठक आवाज येतो की पोकळ ढब? किती घेर पोकळ वाजतो ते लिहा. वर चढू नका आणि कुणाला चढवू नका. ही झाली माहिती गोळा करणे, झाड सुरक्षित आहे की नाही हे शेवटी कुणीतरी प्रत्यक्ष पाहूनच ठरवायला हवे. तुम्ही नको म्हणाला होतात तरी हे लिहितोय.

सावली
केशरी पूड लागली! पानाखाली पुटकुळ्यांसारखी आहे.

खुरपे
तांबेरा. चाफ्यावर हमखास येतो, झाड सहसा मरत नाही. गळलेली पाने रोज गोळा करून दूर टाका, पाणी पानांवर नको, मुळाशी द्या. फांद्यांची दाटी असेल तर थोडी विरळ करा, पाने लवकर सुकली पाहिजेत. नव्या पालवीवर तांब्याचे औषध मारून ठेवा. जुना_बागवान यांची बोर्डोची कृती इथे बरोबर लागू पडते, त्यांनाच प्रमाण विचारा.

जुना_बागवान
सावली, प्रमाण वर दिले आहे तेच, 1 टक्का. कोवळ्या पालवीला अर्धे करा. पानाच्या खालून फवारा, रोग तिथे आहे. आधी एका फांदीवर मारून दोनतीन दिवस बघा.

मोकळे_अंगण
आज सकाळपासून माती काढली. पश्चिमेकडची साल हातात आली, ओली आणि काळी. खालचे लाकूड पांढरे, बोट रुतते. दोरीच्या यंत्राचे वण स्पष्ट दिसतात, एकावर एक. इतकी वर्षे रोज पाहत होते पण कधी खाली वाकले नाही. हातोडीने ठोकले, निम्म्याहून जास्त घेर ढब वाजतो. पूर्वेकडचे मात्र भरीव आहे.

दोरखंड
निम्म्याहून जास्त म्हणजे मी त्याच्याखाली कुणाला उभे राहू देणार नाही. फांद्या उतरवून वजन कमी करता येते, पण मुळे कुजलेल्या झाडाला त्याने किती काळ मिळेल ते पाहिल्याशिवाय सांगणार नाही. काढायचेच ठरले तर परवानगी लागते का ते आधी बघा, आणि बुडखा व जाड मुळेही काढा. ती जमिनीत राहिली तर बुरशी त्यांत जगते आणि कांचनाच्या मुळांपर्यंत जाते. कांचनाच्या बुंध्याशी आतापासूनच यंत्र नेऊ नका, ते गवत हाताने काढा.

मोकळे_अंगण
कांचनाभोवतीचे गवत आजच काढले. मागच्या वेळी छाटणी केलेल्या एकांना बोलावले आहे, रविवारी येऊन बघतील. झाडावर मागच्या वर्षीच्या शेंगा अजून लटकताहेत, आठदहा खाली पडल्यात. या बियांतून रोग नव्या रोपात जाईल का?

खुरपे
नाही. ही बुरशी मुळांतून आणि जखमांतून शिरते, बीमधून नाही. टणक, न किडलेल्या बिया निवडा. कवच दगडासारखे असते, एका बाजूला घासकागदावर आतला फिकट थर दिसेपर्यंत घासा आणि 24 तास कोमट पाण्यात ठेवा. फुगतील तेवढ्याच पेरा. न फुगलेल्या पुन्हा घासा. पिशवीत नवी माती घ्या, त्या झाडाखालची नको. आणि रोप त्या जागी लावू नका, घराच्या पायापासूनही लांब ठेवा.

मोकळे_अंगण
वीस भिजत घातल्या आहेत. सकाळी किती फुगल्या ते लिहिते.