मदत हवी आहे: क्लोन १०० टक्के झाला, तरी नव्या एसएसडीवरून लॅपटॉप चालू होईना

मंडळी, दोन रात्री याच्यात गेल्या, आता डोकं चालेना म्हणून धागा काढतोय.

लॅपटॉप २०१७चा, विंडोज १०, १ टीबीची फिरणारी हार्डडिस्क. बटण दाबायचं, चहा टाकायचा, गाळायचा, प्यायचा, तरी ते टिपके गोल गोल फिरतायत. खाली एम.टू स्लॉट रिकामा दिसला म्हणून १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवाली, वेगवान डिस्क) आणून बसवली (तिचा बारका स्क्रू उडून कपाटाखाली गेला, पट्टीला चुंबक चिकटवून काढला, ते वेगळंच). जुन्या डिस्कचा क्लोन (जशीच्या तशी नक्कल) नव्यावर करायला लावला, तो रात्रभर चालला, सकाळी १०० टक्के, एकही एरर नाही. पण बूट मेनूत (कुठल्या डिस्कवरून चालू करायचं ती यादी) एसएसडीचं नावच नाही! बायोसच्या माहितीत दिसते, मेनूत नाही. मग बायोसमध्ये बूटची पद्धत लेगसी (जुनी) होती, ती यूईएफआय (नवी) केली तर "नो बूटेबल डिव्हाइस". परत लेगसी केलं की जुन्या डिस्कवरून निवांत चालू.

नवीन विंडोज टाका म्हणू नका प्लीज. वडिलांचा लग्नपत्रिका छपाईचा धंदा आहे, त्यात श्रीलिपीचं (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुनं व्हर्जन आहे आणि त्याची सीडी कुठे गेली ते देवालाच ठाऊक. एसएसडी खराब निघाली का? परत करू का?

प्रतिसाद १
परत नका करू, एसएसडीचा काही दोष नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल (डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत) काय लिहिलंय? आणि ड्राइव्ह किती?

धागाकर्ता
एमबीआर. सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, डी, ई. चारही प्रायमरी (मुख्य) पार्टिशन.

प्रतिसाद १
वाटलंच. क्लोन म्हणजे जसंच्या तसं, त्यामुळे एमबीआरही तसंच नव्यावर उतरलं. बहुतेक लॅपटॉप लेगसीत एनव्हीएमईवरून बूट करत नाहीत, आणि यूईएफआयला लागणारं ईएफआय पार्टिशन तुमच्या क्लोनवर नाहीच. म्हणजे दोन्ही दारं बंद. एमबीआरचं जीपीटी (नवी पद्धत) करून ते ईएफआय पार्टिशनही पाडणारं विंडोजचंच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे (१७०३ व्हर्जनपासून आतच येतं), पण त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात. आपल्याकडे दुकानदार सी-डी-ई पाडून देतात ना, तिथेच गाडी अडते.

आधी जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, तोच बॅकअप. दोन्ही लावून ठेवल्या तर सिग्नेचर (डिस्कचा ओळख क्रमांक) सारखी असल्याने विंडोज एकीची बदलतं किंवा तिला ऑफलाइन टाकतं, मग टूलला विंडोज सापडत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा (८ जीबीचा पुरतो), यूईएफआयमध्ये त्याच्यावरून बूट करा, इन्स्टॉल दाबायचं नाही, शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडा. तिथेच डिस्कपार्ट या कमांडने एसएसडीवरचे डी आणि ई उडवा, मग टूल आधी व्हॅलिडेट (नुसती तपासणी) आणि मगच कन्व्हर्ट (बदल) लावून चालवा.

प्रतिसाद २
+१. फक्त उडवायच्या आधी जुन्या डिस्कवरचे डी, ई उघडतात ना ते बघून घ्या. माझ्या भाच्याने पुतण्याच्या बारशाचे फोटो असेच घालवले, अजून घरात टोमणे खातोय.

धागाकर्ता
कन्व्हर्ट झालं!! पण आता निळा स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. 😭

प्रतिसाद १
जवळ आलात. विंडोज आत्तापर्यंत साध्या साटा (जुन्या जोडणीच्या) डिस्कवरून उठत होतं, सुरुवातीलाच एनव्हीएमईचा ड्रायव्हर घ्यायची त्याला सवय नाही. दोन-तीनदा फेल झालं की रिपेअरचा स्क्रीन येतो, तिथून स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. एकदा सेफ मोडमध्ये उठलं की ड्रायव्हर जागेवर बसतो, मग नेहमीसारखं रीस्टार्ट करा.

धागाकर्ता
झालं! चहाचं पाणी उकळायच्या आत डेस्कटॉप. श्रीलिपी उघडली, एक गणपती आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून" टाइप करून बघितलं, ठीक आहे. जुनी डिस्क परत लावली तर डीचा एफ झाला होता, त्यामुळे कोरलच्या (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइलींना फोटो सापडेनात, डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर बदललं. आता तिच्यावरचं जुनं सी पुसू का?

प्रतिसाद १
लग्नसराई संपू द्या की, घाई काय आहे.